आधी यंत्राची झडती

चिपच्या पोटात बॅटरी असते हे मला ठाऊक नव्हतं. मैत्रीण एकदा सहज बोलून गेली की तिची मावशी गॅलरीत बसून कानशीने चिप घासते आणि त्या वासाने घरातले सगळे दारं लावून घेतात. कशासाठी, असं विचारल्यावर ती म्हणाली, “तिच्याकडे सन कंपनीचं एक जुनं यंत्र आहे. त्यावर कसलीशी ऑपरेटिंग सिस्टिम चालते का ते बघते आणि कॅनडाला कळवते.” याहून जास्त तिला सांगता येईना. पगार नाही, कंपनी नाही, कोणी करायला सांगितलेलं नाही; सत्तरीकडे झुकलेल्या बाई चिप घासतात आणि कॅनडाला कळवतात. मी कर्वेनगरला गेले, आणि मग जात राहिले.

मागची खोली. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला झाकण घातलेलं शिलाई मशीन आणि त्याशेजारी लोखंडी मांडणी. मांडणीवर सन अल्ट्रा फाइव्ह जातीची दोन यंत्रं, बसकी, करड्या-पांढऱ्या रंगाची. एक चालतं, दुसरं सुट्या भागांसाठी ठेवलेलं. खालच्या कप्प्यात बिस्किटांचे डबे, डब्यांत कार्डं आणि डब्यांवर रेखीव अक्षरात चिठ्ठ्या: ‘नेटवर्क, तपासलेली’, ‘नेटवर्क, संशयित’, ‘नेटवर्क, मेलेली’. अक्षर ड्रॉइंग शीटवर असतं तसं, सगळं एका उंचीचं. मावशी पिंपरीकडच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात ट्रेसर म्हणून लागल्या होत्या. नव्वदच्या दशकात ड्रॉइंग बोर्ड गेले आणि सनची वर्कस्टेशनं आली. ती सांभाळायची कशी हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून त्याच शिकल्या आणि हळूहळू ड्रॉइंगपेक्षा यंत्रांकडेच जास्त बघू लागल्या. पुढे विभागात विंडोजचे पीसी आले. सनची यंत्रं स्टोअरच्या मागे रचली गेली आणि निवृत्तीच्या आधी निघालेल्या लिलावात मावशींनी दोन उचलली, किलोच्या भावाने.

“तेव्हा वाटलं होतं आठवण म्हणून ठेवावी,” त्या म्हणाल्या. “पण आठवणीला वीज कशाला जाळायची? चालू ठेवायचं तर काहीतरी काम पाहिजे.”

चिप घासायचं प्रकरण मी मुद्दाम वेळ साधून बघितलं, कारण ते कित्येक वर्षांतून एकदाच करावं लागतं. सुटे भाग म्हणून ठेवलेल्या यंत्राचीही चिप मेली होती आणि मावशींना ते यंत्र एका तपासणीपुरतं उभं करायचं होतं. सनच्या बोर्डावर एक उंच, काळी चिप असते. तिच्यात घड्याळ, थोडीशी स्मृती आणि या दोघांना जागं ठेवणारी बॅटरी, असं सगळं एकत्र इपॉक्सीत ओतलेलं. बॅटरी बदलायची सोयच नाही. ती संपली की यंत्राला स्वतःचं नाव आठवत नाही: नेटवर्कवरचा पत्ता जातो, ओळखक्रमांक जातो आणि सुरू होताना ओळखीचा मजकूर अवैध असल्याची तक्रार पडद्यावर येते. नवी म्हणून विकत मिळणारी चिपही पुष्कळदा जुन्याच साठ्यातली असते आणि तिच्याही पोटातली बॅटरी संपत आलेली असते. म्हणून कानस.

मावशींनी चिप छोट्या शेगड्यात आवळली आणि एका बाजूने घासायला सुरुवात केली. दाताच्या डॉक्टरकडे दाढ कोरताना जो वास नाकात चढतो, अगदी तोच. काळा भुगा वर्तमानपत्रावर पडत होता. मिनिटभर घासायचं, फुंकर मारायची, भिंगातून बघायचं. इपॉक्सीच्या आत बॅटरीकडे जाणाऱ्या दोन पट्ट्या कुठे आहेत ते त्यांना बरोबर माहीत होतं. एक जरा जास्त घासली की चिप फुकट. पट्ट्या चमकल्या तशा त्यांनी मेलेल्या बॅटरीकडची जोडणी तोडली, दोन बारीक वायरी सोल्डर केल्या आणि त्यांना घड्याळात घालतात त्या गोल सेलचा साचा जोडला. मग यंत्र सुरू करून ‘ओके’ लिहिलेल्या प्रॉम्प्टवर त्याचा पत्ता एकेक आकडा करून पुन्हा भरला. त्या काळच्या सनच्या पत्त्यांची सुरुवात ८:०:२० अशी. उरलेले आकडे पेटीच्या मागच्या चिठ्ठीवरून. घरी आल्यावरही माझ्या ओढणीला तो वास होता.

ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी हे चालतं तिचं नाव ओपनबीएसडी. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडी नावाच्या सिस्टिमतून वेगळी काढली; बिऱ्हाड कॅनडातल्या कॅल्गरीत. सुरक्षिततेबद्दल कमालीची हट्टी म्हणून तिची ख्याती आहे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि तिची एक रीत मला फार आवडली: ज्या जातीच्या प्रोसेसरसाठी आवृत्ती काढायची, ती त्याच जातीच्या यंत्रावर बांधायची. झपाट्याच्या इंटेल यंत्रावर सनच्या स्पार्क प्रोसेसरसाठीचा प्रोग्रॅम तयार करून मोकळं होता येतं, तंत्र उपलब्ध आहे, नेटबीएसडीवाले तसंच करतात. ओपनबीएसडीवाले करत नाहीत. स्पार्कची आवृत्ती स्पार्कनेच बांधायची, कितीही वेळ लागो. म्हणजे बांधून पूर्ण झाली हीच पहिली चाचणी.

पण कॅल्गरीतल्या मांडण्यांवर सगळी यंत्रं असू शकत नाहीत. प्रोसेसर एकच असला तरी बोर्ड वेगळे, कार्डं वेगळी, जोडण्या वेगळ्या. म्हणून आवृत्ती निघायच्या आधी हाक दिली जाते: तुमच्याकडे जे आहे त्यावर चढवून बघा. यंत्र सुरू होताना सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःशी बोलल्यासारखं जे ओळीओळीने छापत जातो (हा प्रोसेसर सापडला, ही डिस्क सापडली, हे कार्ड सापडलं) तो सगळा मजकूर लोक ईमेलने धाडतात. लॅपटॉपवाले ढिगाने धाडतात.

“आणि अल्ट्रा फाइव्हवाले?” मी विचारलं.

“जगात पाच असतील. पाच. मी धरून.”

हा आकडा कुठून आणला, असं विचारल्यावर मावशींनी खांदे उडवले. मोजणी वगैरे काही नाही. अधूनमधून ज्यांच्याशी पत्रव्यवहार होतो त्यांच्यावरून त्यांनी बांधलेला अंदाज. मला तो कमी वाटला. एवढ्या मोठ्या जगात कुठल्यातरी तळघरात आणखी दहा-वीस नक्की असतील. पण ते बघत असतील आणि कळवत नसतील, तर ते आहेत काय नि नाहीत काय. म्हणून पाचच धरू.

तपासणीचा दिनक्रम रूक्ष आहे. यंत्राला कीबोर्ड जोडायचा नाही; तो नसला की सनचं यंत्र आपणहून सिरियल पोर्टवर बोलायला लागतं. त्या पोर्टला पंचवीस पिनांची केबल लागते आणि ती आता सहज मिळत नाही, म्हणून मावशींनी ती स्वतः सोल्डर केलेली. दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. सीडी ड्राइव्ह कधीच गेला, त्यामुळे नेटवर्कवरून सुरुवात करायची. यंत्र पहिल्यांदा ओरडून विचारतं: माझा हार्डवेअर पत्ता अमुक, तर माझा आयपी कोणता? लॅपटॉप सांगतो. मग यंत्र त्याच आयपीचं सोळा-अंकी पद्धतीतलं रूप करून त्या नावाची फाइल मागतं. १९२.१६८.१.२० असेल तर फाइलचं नाव सी०ए८०११४. हे नाव मावशी तोंडाने असं घडाघडा म्हणतात की शेजारच्या फ्लॅटचा फोन नंबर वाटावा. मग अर्धा कप चहा होईपर्यंत थांबायचं. तीनशे साठ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. आजच्या ओपनबीएसडीला प्रत्येक वेळी सुरू होताना लायब्ऱ्या फेरफार करून नव्या क्रमाने रचायची सवय आहे आणि मागाहून कर्नलही नव्याने जुळवायची. चोराला आतली रचना ओळखीची होऊ नये म्हणून. नव्या यंत्राला याचा पत्ताही लागत नाही. अल्ट्रा फाइव्ह मात्र घाम गाळतो आणि मावशी विणकाम काढतात.

नंतर जुन्या आवृत्तीचा मजकूर आणि नव्याचा मजकूर शेजारी ठेवून फरक बघायचा. एखादं कार्ड सापडलं पण त्याला ड्रायव्हर मिळाला नाही, तर ओळीच्या शेवटी ‘नॉट कॉन्फिगर्ड’ असं येतं. मागच्या वेळी जे चालत होतं त्याच्या पुढे या वेळी हे दोन शब्द आले, की काम लागलं. अशी ओळ दिसली नाही तरी काम संपत नाही. ओळखणं आणि चालणं यांत अंतर आहे. म्हणून जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाऊन शंभर-दीडशे रुपयांना मिळणारी पीसीआय कार्डं मावशी आणतात, एकेक स्लॉटमध्ये बसवतात आणि त्यांच्यावरून मोठाल्या फाइली पाठवून दोन्ही टोकांचा हिशेब जुळतो का बघतात.

“अगं पण,” मी एकदा न राहवून म्हणाले, “मावशी, हे कार्ड या यंत्रात कोण लावणार आहे?”

“कोणीच नाही.”

आणि मग त्यांनी मला जे समजावलं, त्यासाठी मी पुन्हा पुन्हा कर्वेनगरला गेले असं म्हणायला हरकत नाही.

इंटेलचा प्रोसेसर मोठा समजूतदार असतो. त्याला चार बाइटचा आकडा कुठल्याही पत्त्यावरून उचलायला सांगा, तो उचलतो. फार तर थोडा वेळ जास्त घेतो. स्पार्क उचलत नाही. पत्त्याला चारने भाग जायलाच हवा, नाहीतर तो तिथल्या तिथे काम टाकून देतो. आता नेटवर्क कार्डाचं बघा. इथरनेटच्या पॅकेटचं शीर्ष चौदा बाइटचं. त्याला लागून आयपीचं शीर्ष, ज्यातले पत्ते चार-चार बाइटचे. पॅकेट स्मृतीत नीटनेटक्या जागी उतरवलं की आयपीचं शीर्ष बरोबर चौदाव्या बाइटपासून सुरू होतं, आणि चौदाला चारने भाग जात नाही. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्याने पॅकेट मुद्दाम दोन बाइट पुढे सरकवून उतरवायचं असतं, म्हणजे चौदाचे सोळा होतात. दोन बाइट. ते विसरले तर इंटेलवर कोणाला कळतसुद्धा नाही, वर्षानुवर्षं सगळं बिनबोभाट चालतं. स्पार्कवर पहिलं पॅकेट येतं आणि कर्नल कोसळतो.

दुसरी खोड आकडा लिहिण्याची. इंटेल आकड्याचा लहान भाग आधी ठेवतो, स्पार्क मोठा. बाजारातली बहुतेक कार्डं इंटेलच्या पद्धतीची, तेव्हा त्यांच्याशी बोलताना ड्रायव्हरने प्रत्येक आकडा उलटवून द्यायला हवा. इंटेलवर उलटवणं म्हणजे काहीच न करणं. विसरलं तरी उत्तर बरोबर. तिसरी खोड पहारेकऱ्याची. कार्डाने स्मृतीत थेट लिहायचं असेल तर स्पार्कवर मध्ये एक नाका लागतो, आणि ज्या जागेची रीतसर परवानगी काढलेली नाही तिथे लिहू दिलं जात नाही. साध्या पीसीवर त्या काळात हा नाकाच नव्हता. कार्ड भलतीकडे लिहून मोकळं होई आणि दोन तासांनी कुठलातरी तिसराच प्रोग्रॅम पडे. मग शोधा कारण.

“इंटेलवर चुकूनही बरोबर येतं,” मावशी म्हणाल्या. “इथे चुकून काही बरोबर येत नाही.”

आणि तो ड्रायव्हर स्पार्कपुरता नसतो. एकच सी भाषेतला मजकूर सगळ्या यंत्रांवर जातो. ओपनबीएसडी ज्या राउटरांवर चालते त्यांतल्या काहींत ऑक्टिऑन नावाचा मिप्स जातीचा प्रोसेसर असतो. तोही मोठा भाग आधी ठेवणारा, तोही चारने भाग जायला हवा म्हणणारा. करड्या पेटीत दीडशे रुपयांच्या कार्डावर जी चूक पकडली, ती कोणाच्या तरी ऑफिसच्या कोपऱ्यातल्या राउटरमध्ये जायची टळते. हे ऐकल्यावर मी कार्ड कोण लावणार हा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

तरीही मनात आकडे फिरत राहिले. मावशींचं वीजबिल त्या स्वतः भरतात. कॅल्गरीचं कोण भरणार, हा प्रश्न २०१४ च्या जानेवारीत जाहीरपणे निघाला होता. जुन्या यंत्रांसकट सगळ्या मांडण्या चालू ठेवायच्या तर विजेपोटी वीस हजार डॉलर लागतात आणि ते नाही मिळाले तर प्रकल्प बंद पडेल, असं ओपनबीएसडीच्या लोकांनी सांगितलं. जगभरातून सल्ला आला: मग ती म्हातारी यंत्रं बंद करा की! वीस हजार डॉलर कशाला? उत्तर तेच मिळालं जे मला कर्वेनगरात मिळालं होतं, की ही यंत्रं चुका दाखवतात. पैसे जमले. बिटकॉइनच्या धंद्यातल्या एका रुमानियन गृहस्थांनी एकट्यानेच वीस हजार दिले.

हे सगळं भाबडं यंत्रप्रेम आहे असं मलाही वाटलं असतं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये हार्टब्लीड प्रकरण झालं, ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या कूटलेखनाच्या संचात भगदाड सापडलं आणि याच मंडळींनी तो संच उचलून साफ करायला घेतला. लिब्रेएसएसएल असं नाव दिलं. आणि साफ करताना पहिल्यांदा काय उडवलं? दुर्मिळ यंत्रांचा पाठिंबा! व्हीएमएससाठीचा मजकूर, सोळा-बिट विंडोजसाठीचा, जुन्या मॅकसाठीचा. पहिल्या आठवड्यातच नव्वद हजारांच्या घरात ओळी गेल्या. कुठल्यातरी संथ यंत्रांवर स्मृती मागून घेणं महाग पडतं म्हणून लिहिलेला एक आडमार्ग सगळ्यांसाठी चालू राहिला होता, आणि त्या आडमार्गामुळे ओपनबीएसडीची स्वतःची चूकपकड निकामी होत होती. म्हणजे अल्ट्रा फाइव्हसाठी वीस हजार डॉलर मागणारे हेच, आणि व्हीएमएसला केराची टोपली दाखवणारेही हेच. मावशींना यात विसंगती दिसत नाही. “ते कोण चालवून बघत होतं? इथे पाच तरी आहेत.”

कोणी चालवून बघेनासं झालं की ओपनबीएसडीही दयामाया दाखवत नाही. व्हॅक्स आणि बत्तीस-बिट स्पार्क ही दोन्ही घराणी २०१६ च्या ५.९ आवृत्तीनंतर बंद झाली. लिनक्सने तर २०१८ मध्ये ४.१७ या आवृत्तीत आठ प्रोसेसरघराणी एका झटक्यात काढली, आणि ज्या ३८६ वर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये पहिलं लिनक्स लिहिलं त्या ३८६ चा पाठिंबा २०१२ च्या डिसेंबरातच काढून टाकला. सनलाही २०१० मध्ये ओरॅकलने घेतलं आणि ओरॅकलची शेवटची नवी स्पार्क चिप २०१७ ची. हे बोलताना मावशी हळव्या होतील असं मला वाटलं होतं. झाल्या नाहीत. उलट पुण्याचा विषय काढला. सी-डॅकचा परम १०००० हा १९९८ चा महासंगणक सनच्याच सर्व्हरांचा होता, आत अल्ट्रास्पार्क टू. आणि इकडे मुंबईच्या आयआयटीत ‘अजित’ नावाचा जो प्रोसेसर तयार झाला त्याचा सूचनासंच स्पार्कचाच आहे, आठवी आवृत्ती, बत्तीस-बिट. म्हणजे ओपनबीएसडीने ज्या घराण्याला निरोप दिला तेच. “आपल्याकडे नवा जन्मतोय आणि तिकडे दार बंद,” असं म्हणून त्या हसल्या. युरोपच्या अंतराळयानांतही त्याच घराण्याची लिऑन चिप जाते, ही भर त्यांनी टाकली आणि पुन्हा स्क्रू काढायला घेतले.

त्या दिवशीची गोष्ट सांगायला हवी, कारण तेव्हा मला कळलं की या कामात खरा वेळ कशात जातो. आवृत्ती निघायला थोडे आठवडे होते. एक कार्ड मागच्या आवृत्तीत व्यवस्थित चालल्याची नोंद वहीत होती. नव्या आवृत्तीवर ओळखलं गेलं, पत्ता मिळाला, फाइल जायला लागली आणि मध्येच थांबली. चुकांचा आकडा चढत गेला. मी तर मनात पत्रसुद्धा लिहून टाकलं: नव्या आवृत्तीत बिघाड. मावशींनी पत्राचं नाव काढलं नाही. केबल बदलली. तेच. स्विचचं भोक बदललं. तेच. मग त्यांनी जपून ठेवलेला मागच्या आवृत्तीचा कर्नल चढवला.

तोही अडखळला.

“बघ,” त्या म्हणाल्या, आणि आवाजात निराशा नव्हती, जरा समाधानच होतं. ज्या कर्नलवर सहा महिन्यांपूर्वी कार्ड चाललं त्याच कर्नलवर ते आज चालत नाही, म्हणजे बदललं ते यंत्र. पंचवीस वर्षांचं यंत्र सहा महिन्यांत बदलू शकतं: कपॅसिटर फुगतात, पंखा मंदावतो, पुण्याच्या पावसाळ्यात संपर्काच्या पट्ट्यांवर पापुद्रा धरतो. कार्ड काढून त्यांनी त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, शाळकरी मुलांच्या पांढऱ्या खोडरबराने, मग स्लॉटवर ब्रश फिरवला आणि कार्ड परत दाबून बसवलं. जुन्या कर्नलवर फाइल गेली. नव्यावर गेली. पेटी उघडी होती आणि गरम बोर्डाजवळ तोच इपॉक्सीचा वास, पुसट, पण ओळखू येण्याइतका. खात्रीसाठी कार्ड दुसऱ्या यंत्रात, नवा सेल बसवलेल्यात, लावून पुन्हा एकदा. गेली.

दुपार गेली होती आणि हाती काय लागलं, तर ‘चालतं’. कोणी शाबासकी देण्याजोगा शोध नाही, दुरुस्त करायला काही नाही. मला वाटतं, पाचांतले बाकीचे चारही बहुतेक वेळ हेच करत असतील. म्हातारं यंत्र सगळ्यात आधी स्वतःच संशयित असतं, आणि त्याची झडती घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणावर बोट ठेवायचं नाही. जे ठेवतात त्यांची पत्रं कॅल्गरीला जातात, तिथे कोणीतरी दोन रात्री नसलेली चूक शोधत बसतं, आणि पुढच्या वेळी त्या नावाचं पत्र उघडायला उशीर होतो. ही भीती मावशींनी बोलून दाखवली नाही, पण पत्र लिहिताना दिसली. यंत्र कोणतं, प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा, कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये, फाइल किती मोठी, दोन्ही टोकांचा हिशेब जुळला. खाली एक वाक्य: आधी चुका दिसल्या होत्या, जुन्या कर्नलवरही दिसल्या, पट्ट्या साफ केल्यावर गेल्या. मी म्हटलं, ते वाक्य गाळलं तर नाही का चालणार? “दुसऱ्या कोणाला हेच कार्ड अडलं तर त्याचा दिवस वाचेल,” त्या म्हणाल्या आणि पाठवून दिलं. उत्तर यायचं नव्हतंच. ‘चालतं’ला कोणी उत्तर देत नाही. उत्तर येतं ते बिघाड असला की, दहा-बारा ओळींच्या डिफच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, रूपात: हे लावून कर्नल पुन्हा बांध आणि सांग. तो बांधायला अल्ट्रा फाइव्ह रात्रभर गुरगुरत राहतो आणि मैत्रिणीचे काका हॉलमध्ये झोपायला जातात.

अलीकडे तिथे एक इंजिनिअरिंगचा मुलगा येतो. त्याच्याकडे तळहातात मावेल असं रिस्क-फाइव्ह जातीचं बोर्ड आहे. ओपनबीएसडीने हे घराणं २०२१ च्या ७.० पासून घेतलं, लिनक्सवाल्या डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत अधिकृत केलं. म्हणजे दुर्मिळ आहे ते जुनं म्हणून नव्हे, कोवळं म्हणून. बोर्डं भराभर निघतात, प्रत्येकाची घडी वेगळी आणि चालवून कळवणारे इथेही थोडेच. मुलगा हुशार आहे, हात चपळ आहे, घाई आहे. परवा त्याने लॅपटॉप मावशींकडे वळवला. “मावशी, चालतंय.”

“काय चालतंय?”

“सगळं. बूट होतंय, नेट चालू, मी अपडेटपण केलं.”

“रीबूट केलंस?”

“दोनदा.”

“वायर काढून, थोडं थांबून, परत लावून?”

तो गप्प.

“चालू असताना नेटची केबल काढून घातलीस? यूएसबीच्या दोन्ही भोकांत बघितलंस? मोठी फाइल पाठवून हिशेब जुळवलास?”

“ते सगळं आत्ता करायचं?”

“नको करूस,” मावशी म्हणाल्या. “पण मग लिहिताना ‘चालतं’ लिहू नकोस. रीबूट दोनदा, ठीक. वायर काढून बघितलं नाही. यूएसबी बघितलं नाही. तसंच लिही.”

मुलाने क्षणभर लॅपटॉपकडे बघितलं, मग बोर्डाची वायर उपटली आणि यूएसबीसाठी पेनड्राइव्ह आहे का, असं विचारलं.